सुई टोचली कुठे, गुण आला कशाने?

पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलवायचे आणि त्याचा पाय पाठीवरून फिरवून घ्यायचा, हा उपाय महाराष्ट्रातल्या गावोगावी ठाऊक आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याच्या पायात उसण घालवण्याचा गुण असतो, अशी समजूत. गंमत अशी, की हा उपाय बऱ्याचदा ‘लागू पडतो’. उसण भरलेला माणूस दोन-चार दिवसांत वाकू लागतो, आठवड्याभरात कामाला लागतो आणि पुढे शेजाऱ्याची पाठ धरली की त्यालाही तोच पत्ता सांगतो. एकाच्या जन्माची तऱ्हा आणि दुसऱ्याच्या पाठीचे स्नायू यांचा काही संबंध असू शकत नाही, हे कळायला वैद्यकाची पदवी लागत नाही. मग गुण येतो कशाने?

हा प्रश्न पायाळूबद्दल विचारला की आपण हसतो. तोच प्रश्न अ‍ॅक्युपंक्चर, अ‍ॅक्युप्रेशर, कायरोप्रॅक्टिक, तळपायाची रिफ्लेक्सॉलॉजी यांच्याबद्दल विचारला की मात्र वातावरण तापते. ‘हजारो वर्षांचे ज्ञान आहे, तुमच्या विज्ञानाला कळायचे नाही’ असे एक बाजू सांगते. ‘सगळे थोतांड आहे’ असे दुसरी. वास्तविक गेल्या पंचवीस वर्षांत या उपचारांवर मोठ्या आणि काटेकोर चाचण्या झाल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंना थोडे थोडे अडचणीचे आहेत. कदाचित म्हणूनच ते पूर्ण कुणी सांगत नाही. ज्याची कंबर दुखते आहे आणि ज्याच्या खिशातून पैसे जाणार आहेत, त्याला मात्र ते माहीत असायला हवेत.

आपसूक उतरणारे दुखणे

सुरुवात दुखण्यापासून करू. २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक अंदाज आहे. यातल्या ढोबळमानाने दहापैकी नऊ जणांत मोडलेला मणका, जंतुसंसर्ग किंवा गाठ असे बोट ठेवता येण्याजोगे एक कारण सापडत नाही. स्नायू, सांधे, झोप, मनावरचा ताण, बसण्या-उचलण्याच्या सवयी अशा अनेक गोष्टींची ती गुंतागुंत असते. नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांत पहिल्या सहा आठवड्यांत बरीच उतरते. जुनाट दुखण्यालाही भरती-ओहोटी असते. माणूस उपचाराला जातो तो भरतीच्या वेळी, अगदी सोसवेना झाल्यावर. त्यानंतर ओहोटी येणारच असते. ती येताना जो कुणी हाताशी असेल, मग तो पायाळू असो, मालिशवाला असो, सुया टोचणारा असो की गोळ्या देणारा एमबीबीएस डॉक्टर असो, श्रेय त्याच्या नावावर जमा होते.

यात भर पडते ती आपल्या बोलण्यातल्या निदानांची. ‘मणक्यात गॅप आली’, ‘मणका सरकला’, ‘शीर दबली’, ‘नस चढली’ ही वाक्ये आपण इतक्या सहजपणे वापरतो, की पाठीचा कणा म्हणजे सैल झालेली माळ आहे आणि कुणीतरी मणी जागेवर सरकवायचे आहेत, असेच चित्र मनात तयार होते. एमआरआयचा अहवाल हे चित्र आणखी गडद करतो. वास्तविक २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठीची काहीही तक्रार नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांची झीज झालेली होती. चकती फुगलेली असण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के होते. यांना दुखत काहीच नव्हते! म्हणजे अहवालातले बरेचसे शब्द डोक्यावरच्या पांढऱ्या केसांइतकेच निरुपद्रवी असू शकतात. पण अहवाल हातात पडल्यावर घाबरलेल्या माणसाला ‘मी मणका बसवून देतो’ म्हणणारा भेटला, की तो देवासारखा वाटतो.

तेव्हा ‘मला बरे वाटले’ हे वाक्य खरे असते. पण कशाने बरे वाटले, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी तुलना लागते.

लुटुपुटूची सुई

गोळीची तुलना सोपी असते. एका गटाला औषधाची गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सुईचे काय करणार? संशोधकांनी यावर युक्त्या काढल्या. नाटकातल्या सुरीसारखी, टोक बोथट असलेली आणि दाबल्यावर मुठीत सरकणारी सुई १९९८ मध्ये जर्मनीत तयार झाली. ती टोचल्यासारखी वाटते, पण कातडीच्या आत जात नाही. काही चाचण्यांत सुया खऱ्या वापरल्या; पण ग्रंथात सांगितलेल्या बिंदूंवर न टोचता भलत्याच जागी आणि वरवर टोचल्या.

यातली सर्वांत गाजलेली चाचणी जर्मनीतली. जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले गेले. एकाला शास्त्रोक्त अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला भलत्या जागी वरवर टोचलेले लुटुपुटूचे अ‍ॅक्युपंक्चर, तिसऱ्याला औषधे, फिजिओथेरपी व व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी शास्त्रोक्त गटातल्या ४७.६ टक्के, लुटुपुटूच्या गटातल्या ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटातल्या २७.४ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसली. गुडघेदुखीच्या चाचणीतही जवळपास हेच घडले : ५३, ५१ आणि २९ टक्के. अर्धशिशीच्या ३०२ रुग्णांवरच्या आणखी एका जर्मन चाचणीत तर खोट्या सुयांनी ५३ टक्के आणि खऱ्या सुयांनी ५१ टक्के रुग्णांची डोकेदुखी निम्म्यावर आली. नुसते प्रतीक्षा यादीत असलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते.

अमेरिकेत २००९ मध्ये ६३८ जणांवर झालेल्या चाचणीत तर एका गटाला दात कोरायची काडी नळीतून कातडीला टेकवली. सुई आत गेलीच नाही. आठ आठवड्यांनी सुई किंवा काडी मिळालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांचे रोजचे व्यवहार सुधारले होते. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचे. सुई आणि काडी यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

या आकड्यांवरून ‘सुईचा उपयोग शून्य’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण थोडे थांबायला हवे. २०१२ मध्ये जुनाट दुखण्यांवरच्या २९ चाचण्यांतल्या सुमारे १८ हजार रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून तपासण्यात आली. खरी सुई खोट्या सुईपेक्षा थोडी सरस ठरली. फरक लहान होता, पण योगायोगाचा नव्हता. तो समजावून देण्यासाठी संशोधकांनी एक उदाहरण दिले. समजा, शंभरपैकी ६० इतके दुखते आहे. अ‍ॅक्युपंक्चर न घेतलेल्या गटात ते कालांतराने ४३ वर येईल, खोट्या सुईने ३५ वर आणि खऱ्या सुईने ३० वर.

हे उदाहरण नीट उलगडून पाहावे. खरी सुई घेतलेल्या माणसाचे दुखणे ३० अंकांनी उतरले. त्यातले १७ सुईविनाही उतरलेच असते. पुढचे ८ कुणीतरी जवळ बसले, अंगाला हात लावला, काहीतरी होणार ही आशा दिली यामुळे उतरले. आणि शेवटचे ५ सुई योग्य मानलेल्या जागी, योग्य खोलीवर टोचल्याने. उपचार केंद्राची जाहिरात पूर्ण ३० चे श्रेय घेते. टीकाकार शेवटच्या ५ कडे बोट दाखवून हसतात. रुग्णाच्या पदरात सुईच्या निमित्ताने जास्तीचे १३ पडले, हे दोघेही सांगत नाहीत. २०१८ मध्ये सुमारे २१ हजार रुग्णांची माहिती घेऊन हाच अभ्यास पुन्हा झाला आणि चित्र तेच राहिले. मिळालेला आराम वर्षभरानंतरही बराचसा टिकलेला दिसला.

मात्र इथेच अ‍ॅक्युपंक्चरच्या मूळ सिद्धान्ताची पंचाईत होते. शरीरात ऊर्जेचे मार्ग आहेत, त्यांवर ठरावीक बिंदू आहेत आणि बिंदू चुकला तर उपचार फसतो, हा तो सिद्धान्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित नकाशात असे ३६१ बिंदू आहेत. शवविच्छेदनात वा सूक्ष्मदर्शकाखाली हे मार्ग सापडलेले नाहीत. आणि भलत्या जागी टोचूनही जवळजवळ तितकाच गुण येत असेल, तर नकाशाला फारसा अर्थ उरत नाही. टोचल्याने मज्जातंतूंना चेतना मिळते, मेंदूत वेदनाशामक रसायने स्रवतात, एक संवेदना दुसरीला झाकते, ही स्पष्टीकरणे पटण्याजोगी आहेत. पण ती मान्य केली, तर ‘यकृताचा बिंदू’, ‘थायरॉईडचा बिंदू’ ही भाषा सोडून द्यावी लागते. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही.

‘हजारो वर्षां’चा हिशेब

परंपरेचा दाखला हा या क्षेत्रातला हुकमी पत्ता. सुया टोचण्याची कल्पना चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत आहे, हे खरे. पण आज जे टोचले जाते ते तसेच्या तसे तिथून आलेले नाही. १८२२ मध्ये चीनच्या सम्राटानेच राजवैद्यांच्या संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर हद्दपार केले होते. रक्तवाहिन्यांपासून दूर सरकवलेले बिंदू आणि केसासारख्या बारीक सुया ही आजची पद्धत १९३०च्या दशकात छंग तान-आन या वैद्याने रूढ केली. १९५०नंतर माओच्या राजवटीने देशी वैद्यकाला राजाश्रय दिला, त्यामागे मोठे कारण होते आधुनिक डॉक्टरांचा तुटवडा. कानावरच्या बिंदूंचा नकाशा तर चीनचा नाहीच. तो पन्नासच्या दशकात फ्रान्समधल्या पॉल नोजिए या डॉक्टरांनी मांडला. तळपायावर मूत्रपिंड आणि फुप्फुसे दाखवणारी रिफ्लेक्सॉलॉजी विसाव्या शतकातल्या अमेरिकेत जन्मली.

दंतकथाही अशाच वाढतात. १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन यांचे पेकिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. ‘भूल न देता, केवळ सुयांवर ऑपरेशन’ अशी ती कथा आजही सांगितली जाते. रेस्टन यांनी स्वतः लिहिलेल्या वृत्तांतात मात्र नेहमीची भुलीची इंजेक्शने दिल्याचे स्पष्ट म्हटले आहे. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटू लागले तेव्हा. पण पुढच्याच वर्षी निक्सन चीनला गेले, अमेरिकेत कुतूहलाची लाट आली आणि त्या लाटेत भुलीची इंजेक्शने वाहून गेली.

आपल्याकडे अ‍ॅक्युपंक्चर आले त्याला सोलापूरचा एक धागा आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि बंगालचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच वारले. बसू परतले, पन्नासच्या दशकात पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९च्या सुमारास त्यांनी कोलकात्यात ते सुरू केले. डॉ. कोटणीसांच्या नावाशी त्यामुळे ही पद्धत आपल्याकडे आदराने जोडली गेली. आदर योग्यच आहे. पण कोटणीस शल्यचिकित्सक होते. आघाडीवरच्या जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्या त्यागाने सुईचा गुण सिद्ध होत नाही.

तो ‘कट्’ आवाज

हातांनी करायच्या उपचारांत सध्या सर्वाधिक चलती आहे ती मान आणि पाठ ‘कट्’ वाजवण्याची. मोबाइलवर अशा चित्रफिती लाखोंनी पाहिल्या जातात. कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ मध्ये अमेरिकेत झाली. डॅनियल पामर हे चुंबकीय उपचार करणारे गृहस्थ. मणका बसवून आपण एका बहिऱ्या माणसाला ऐकू आणून दिले, असा त्यांचा दावा होता. कानाकडून मेंदूकडे जाणारी नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, ही अडचण त्यांना वाटली नाही. पुढे तर ९५ टक्के रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असे त्यांनी लिहून ठेवले.

आवाज कशाचा असतो? सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा. बोटे मोडताना येतो तोच. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे. मणका खरोखर जागेवरून सरकला असेल, तर ती गंभीर बाब असते आणि तो कुणी हाताने झटका देऊन बसवू नये.

तरीही या उपचाराचा कंबरदुखीपुरता पुरावा अगदी पोकळ नाही. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि नऊ हजारांवर रुग्ण होते. जुनाट कंबरदुखीत हाताने केलेला मणक्यांचा उपचार हा व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच उपयोगी ठरला. त्यांच्याहून सरस नाही, कमीही नाही. मान मात्र वेगळी गोष्ट आहे. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. जोराच्या झटक्याने धमनीचे आतले अस्तर फाटू शकते, तिथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडते. शिवाय काही रुग्ण अस्तर आधीच फाटल्यामुळे मान दुखते म्हणून उपचाराला येतात, त्यामुळे दोष कुणाचा हे ठरवणे अवघड असते. तरी हा संबंध रुग्णाला आधी सांगितला पाहिजे, अशी अमेरिकन हार्ट असोसिएशनची २०१४ पासूनची भूमिका आहे. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याची आपली सवय याच कारणाने सोडण्याजोगी आहे.

बरे वाटणे आणि बरे होणे

‘तोटा तर काही नाही ना? मग करून पाहायला काय हरकत आहे?’ हा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर २०११ च्या एका छोट्या पण डोळे उघडणाऱ्या प्रयोगात आहे. दम्याच्या ३९ रुग्णांना आळीपाळीने चार गोष्टी दिल्या : औषधाचा पंप, बिनऔषधाचा पंप, खोटे अ‍ॅक्युपंक्चर आणि काहीच नाही. ‘किती बरे वाटले?’ असे विचारल्यावर पहिल्या तिन्हींत उत्तर जवळजवळ सारखे आले : सरासरी ५०, ४५ आणि ४६ टक्के. काहीच न मिळाल्यावर २१. नंतर यंत्रावर फुंकायला लावून फुप्फुसे मोजली. औषधाच्या पंपाने श्वास सोडण्याची क्षमता २० टक्क्यांनी वाढली होती. बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्के, म्हणजे खोट्या सुईत आणि काहीच न करण्यात फरक नाही.

या एका प्रयोगात सगळा धोका दिसतो. वेदना ही स्वतःच तक्रार असते. ती कमी वाटली म्हणजे ती कमी झाली. दम्याचे, मधुमेहाचे, रक्तदाबाचे, कर्करोगाचे तसे नाही. तिथे बरे वाटत असतानाच आजार आत पुढे सरकत असतो. आपल्याकडे पाठदुखीबाबतही हे लक्षात ठेवावे लागते, कारण इथे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. महिनोन्महिने मालिश, सुया, शेक यात गेले आणि तोवर मणका खचून पायांतली ताकद गेली, असे रुग्ण हाडांच्या डॉक्टरांना नवीन नाहीत. हाडवैद्याने मोडलेल्या हातावर करकचून बांधलेल्या पट्ट्यांमुळे रक्तपुरवठा बंद होऊन हात निकामी होतो, तोही याच जातीचा घाला.

म्हणून काही लक्षणे दिसली की आधी डॉक्टरकडेच जावे : पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षयरोग, पडल्याचा मार, पायात वाढत जाणारी अशक्तता. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सुईचे थेट धोके त्या मानाने कमी आहेत. जर्मनीत सुमारे २ लाख २९ हजार रुग्णांच्या पाहणीत ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. बहुतेकांना किरकोळ रक्तस्राव किंवा काळेनिळे डाग, आणि दोघांना छातीत हवा भरण्याचा गंभीर प्रकार. पण तिथे टोचणारे प्रशिक्षित डॉक्टर होते. आपल्याकडे सुई एकदाच वापरायची, पाकीट आपल्यासमोर फोडलेले असावे, एवढा आग्रह तरी रुग्णाने धरलाच पाहिजे.

पाटी आणि पुरावा

उपचार केंद्राच्या पाटीवर ‘डब्ल्यूएचओ मान्यताप्राप्त’ हे शब्द हटकून असतात. त्यामागे २००३ मधला एक अहवाल आहे. त्यात २८ तक्रारींवर अ‍ॅक्युपंक्चर सिद्ध झाल्याचे म्हटले होते. पण तो अहवाल नव्वदच्या दशकाच्या शेवटापर्यंतच्या चाचण्यांवर उभा होता. लुटुपुटूच्या सुईच्या मोठ्या चाचण्या त्यानंतर झाल्या. शिवाय १९९८ च्या एका तपासणीत चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेली अ‍ॅक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी यशस्वीच असल्याचे आढळले होते. ज्या वर्गात एकही मुलगा नापास होत नाही, तिथली प्रश्नपत्रिका तपासावी लागते.

कायद्याची मान्यता हीदेखील वेगळी गोष्ट. केंद्राने २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा करून परिषद स्थापली. हे चांगलेच झाले. कोण टोचू शकतो आणि चुकला तर जाब कुणाला विचारायचा, हे त्यामुळे ठरते. पण नोंदणी म्हणजे टोचणाऱ्याचा परवाना. कोणत्या आजारावर गुण येतो, याचे ते प्रमाणपत्र नव्हे.

पुराव्यानुसार मत बदलणे कसे असते, ते ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेकडे पाहून कळते. २००९ मध्ये तिने कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर सुचवले, २०१६ मध्ये ते मागे घेतले, २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनांसाठी विचार करावा म्हटले आणि २०२२ मध्ये संधिवातातल्या झिजेसाठी देऊ नये असे सांगितले. जर्मनीने चाचण्यांनंतर कंबर आणि गुडघा यांसाठी विमा लागू केला, डोकेदुखीसाठी नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर मनगटाजवळच्या बिंदूला चेतना देण्याचा उपयोग होतो, असे ५९ चाचण्यांच्या आढाव्यात दिसले, जरी त्या चाचण्यांचा दर्जा यथातथाच होता. बस, यादी साधारण इथे संपते. वजन, थायरॉईड, मधुमेह, मुतखडा, वंध्यत्व यांची आश्वासने देणाऱ्या पाट्या या यादीबाहेरच्या आहेत.

आणि आरसा इतरांनीही पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांबरोबर मालिश, मणक्यांचे हस्तोपचार आणि सुई यांनाही, पुरावा कमकुवत असल्याचे नोंदवून, जागा दिली आहे. जागा नाकारली आहे ती कमरेचा पट्टा, वजन लावून ताण देणे, अल्ट्रासाऊंडचा शेक आणि विजेच्या सौम्य झटक्यांचे यंत्र यांना. आपल्याकडच्या कितीतरी ‘आधुनिक’ दवाखान्यांत नेमके हेच चार उपचार रोज चालतात. पुराव्याचा आग्रह फक्त सुईवाल्यापुरता धरायचा, हा अप्रामाणिकपणा झाला.

मधले आठ अंक

लोक या उपचारांकडे जातात ते अडाणी म्हणून, असे मानणे हा शिकलेल्यांचा गैरसमज आहे. २००८ मध्ये आतड्यांच्या ‘आयबीएस’ या चिवट तक्रारीच्या २६२ रुग्णांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला. नुसत्या यादीत ठेवलेल्यांपैकी २८ टक्के लोकांना पुरेसा आराम पडला. कोरडेपणाने खोट्या सुया लावलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना. त्याच खोट्या सुया, पण आधी पाऊण तास बसून, ऐकून घेऊन, आपुलकीने बोलून लावल्या, तेव्हा ६२ टक्क्यांना. सुई दोन्हीकडे खोटीच होती. खरी होती ती पाऊण तासाची वेळ.

२०१७ च्या एका आढाव्यानुसार जगातली सुमारे निम्मी लोकसंख्या असलेल्या १८ देशांत डॉक्टर एका रुग्णाला सरासरी पाच मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ देतात. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभे राहिलेल्याला पाच मिनिटेसुद्धा चैन वाटेल. जिथे नाडीवर हात ठेवायला कुणाला सवड नाही, तिथून माणूस जो हात लावतो, विचारपूस करतो त्याच्याकडे जाणारच. वरच्या उदाहरणातले ते मधले आठ अंक सुईच्या मालकीचे नाहीत. ते कोणत्याही चांगल्या डॉक्टरला, फिजिओथेरपिस्टला, परिचारिकेला मिळवता येतात, आणि तेही ऊर्जेच्या मार्गांची कथा न सांगता. आरोग्यव्यवस्थेने ते सोडून दिले, म्हणून ते दुसऱ्यांनी उचलले.

तेव्हा जुनाट कंबर, मान, गुडघा वा डोकेदुखीवर, गंभीर कारण नाही याची डॉक्टरकडून खात्री करून, चालू औषधे न थांबवता आणि व्यायाम न सोडता कुणी काही दिवस सुया किंवा मालिश करून पाहणार असेल, तर त्याला अडवायचे कारण नाही. जाण्याआधी चार प्रश्न मात्र विचारावेत : माझ्या नेमक्या तक्रारीवर याचा कितपत उपयोग होतो? किती वेळा यावे लागेल आणि गुण आला नाही तर कधी थांबायचे? तुमची नोंदणी कुठे आहे? आणि यात धोका काय? सरळ उत्तरे मिळाली तर ठीक. ‘औषधे बंद करा’, ‘सगळे आजार जातील’ किंवा ‘वीस बैठकांचे पैसे आधी भरा’ असे उत्तर आले, तर उठून यावे. आणि हेच चार प्रश्न ऑपरेशन सुचवणाऱ्या सर्जनला आणि महागडी तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही विचारायला संकोच करू नये.